राजा मागणारे लोक आणि पानावर टिकून राहिलेलं हरलेलं मत

खाडीकाठ (मूळ धागा)

रेवदंड्याला आमच्या परसाला लागून एका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या, आजींचं घर होतं. १९६८ साली त्या मुलाकडे इस्रायलला गेल्या, कायमच्या. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या आईला पितळी डबा, नारळ खवायची विळी आणि खाकी कागदाचं कव्हर घातलेलं मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, दिलं. मी तेव्हा सात वर्षांची होते. विळी आणि डबा आईने रोज वापरले. पुस्तक मात्र फडताळात राहिलं. दर दिवाळीला ती ते पुसून परत ठेवायची. उघडलेलं मी कधी पाहिलं नाही.

आई गेल्यावर घर आवरताना ते माझ्या हातात आलं. मी ३१ वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं आहे, धर्मग्रंथ वाचायची सवय नव्हती. चाळताना दिसलं की अख्ख्या पुस्तकात दोनच ठिकाणी समासात पेन्सिलीची रेघ आहे. पहिली रेघ शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात, आठव्या अध्यायाला. तो अध्याय मी त्या दुपारी जमिनीवर बसून वाचला आणि संध्याकाळपर्यंत तिथून उठले नाही.

गोष्ट अशी. शमुवेल म्हातारा झालाय. आयुष्यभर त्याने लोकांचे न्यायनिवाडे केले. आता त्याने आपल्या दोन मुलांना न्यायाधीश नेमलंय आणि ते बैर-शेबात बसून लाच खातात. लोकांचे वडीलधारे त्याच्याकडे येतात आणि म्हणतात, तू म्हातारा झालास, तुझी मुलं तुझ्या वाटेने जात नाहीत, आम्हाला राजा नेमून दे, इतर राष्ट्रांना असतो तसा. लोकांची तक्रार खरी आहे हे लक्षात घ्या. लाच खरोखर चालली आहे आणि घराणेशाही तर खुद्द संदेष्ट्याच्याच घरात शिरली आहे.

शमुवेलला वाईट वाटतं. देव त्याला सांगतो, त्यांनी तुला नाकारलेलं नाही, मला नाकारलंय. पण त्यांचं ऐक, फक्त राजा काय करील ते आधी स्पष्ट सांग. मग शमुवेल यादी वाचतो. तो तुमचे मुलगे घेईल, रथांपुढे धावायला, त्याची शेतं नांगरायला, शस्त्रं घडवायला. मुली घेईल, अत्तरं करायला, स्वयंपाकाला, भाकऱ्या भाजायला. उत्तम शेतं, द्राक्षमळे, जैतुनाच्या बागा घेईल आणि आपल्या नोकरांना देईल. धान्याचा दहावा हिस्सा घेईल, मेंढरांचा दहावा हिस्सा घेईल, गाढवं घेईल. शेवटी तुम्ही स्वतःच त्याचे दास व्हाल. त्या दिवशी आरडाओरडा कराल, पण तेव्हा देव उत्तर देणार नाही.

'घेईल', 'घेईल', 'घेईल'. राजा काही देईल असं त्या यादीत दोनच जागी येतं, आणि दोन्ही वेळा लोकांकडून घेतलेलं आपल्या माणसांना. लोक सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, ते काही नाही, आम्हाला राजा हवाच.

'आपल्याला शासनसंस्थेची गरज का आहे?' हा प्रश्न मी वर्षानुवर्षं जूनमध्ये फळ्यावर लिहिला. मुलं उत्तर द्यायची, संरक्षण, न्याय, सोयी. ते बरोबरच होतं. पण आपण शासनाला काय देऊन बसतो, याची यादी मी एकदाही लिहून घेतली नाही. इथे ती यादी धर्मग्रंथात आहे आणि ती वाचणारा माणूस देवाचा आहे.

मग पुढेमागे वाचत गेले. त्यातल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात राजासाठी नियम आहेत. त्याने घोडे फार वाढवू नयेत, बायका फार करू नयेत, सोनंरुपं फार साठवू नये. गादीवर बसल्यावर नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि आयुष्यभर रोज वाचावी, कशासाठी, तर आपल्या भाऊबंदांपेक्षा आपलं मन उंच होऊ नये म्हणून. आणि मग शलमोन येतो. मिसरातून घोडे आणतो, ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी करतो, सोनं इतकं साठवतो की चांदीला किंमत राहत नाही. मंदिर बांधणारा, शहाणपणासाठी नावाजलेला राजा तिन्ही नियम मोडतो आणि पुस्तक ते झाकत नाही.

यरुशलेमेत पुढे सुमारे ४०० वर्षं राजे झाले. इतक्या काळात हे पान कुणी काढून टाकलं नाही. शमुवेल त्या दिवशी हरला, लोकांनी राजा घेतलाच, पण हरलेल्याचं म्हणणं शब्दन् शब्द टिकलं. माझ्या डोक्यात सध्या एवढंच फिरतंय. तुमच्यापैकी कुणी या वाटेने वाचलं असेल तर लिहा. मला बोलायला माणसं हवी आहेत.

---

सांजवात

ताई, वाचनखूण साठवली. नाथान संदेष्ट्याची गोष्ट आठवली. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत पुढे धाडून मारवलं. नाथान दरबारात येऊन थेट आरोप करत नाही. एका गरिबाची गोष्ट सांगतो, त्याची एकुलती मेंढी, त्याच्याच ताटातलं खाणारी, त्याच्या कुशीत झोपणारी, आणि पाहुण्यासाठी तीच कापणारा शेजारचा श्रीमंत. राजा संतापतो, असल्या माणसाला मरणच योग्य म्हणतो. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. मी ही गोष्ट मुलांना झोपताना सांगते. धाकटा दरवेळी विचारतो, मग राजाने नाथानला मारलं का? नाही मारलं, म्हणते मी. 'माझं चुकलं' म्हणाला. धाकट्याला ते पटत नाही.

---

वाडीतला

खाडीकाठ, फार दिवसांनी इतकं मनापासून लिहिलेलं वाचलं. माझा अभ्यास संस्कृतचा, त्यामुळे त्या बाजूने थोडं.

ज्यू ऋषींच्या वचनांचा 'पिर्के आवोत' म्हणून छोटा ग्रंथ आहे, मिश्नाचा भाग. मिश्ना म्हणजे ज्यूंच्या तोंडी चालत आलेल्या नियमांचा संग्रह, इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेला. त्यात रब्बी हनीना म्हणतात, सरकारच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याची भीती नसती तर माणसांनी एकमेकांना जिवंत गिळलं असतं. तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या पुढच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, यावर उपमा देतो समुद्रातल्या माशांची, मोठा मासा लहान माशाला गिळतो तशी. वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. आपला मत्स्यन्याय! शांतिपर्वात आहे, कौटिल्यातही आहे.

पण कौटिल्यात तो कुठे येतो बघा. पहिल्या अधिकरणाचा तेरावा अध्याय. राजाच्या गुप्तचरांनी तीर्थावर, सभेत, जिथे माणसं जमतात तिथे आपसांत खोटा वाद घालायचा. एकाने राजाला नावं ठेवायची, दुसऱ्याने त्याला गप्प करायचं, की मत्स्यन्यायाने त्रासलेल्या प्रजेने मनूला राजा केलं आणि धान्याचा सहावा भाग द्यायचं ठरवलं, म्हणून राजाचा अपमान करू नये. म्हणजे राजा का हवा हा युक्तिवाद तिथे हेरांच्या तोंडी आहे. शमुवेलच्या पुस्तकात राजा का नको हा युक्तिवाद संदेष्ट्याच्या तोंडी. मी दोन्ही पुस्तकं एकाच टेबलावर ठेवून आठवडाभर वाचत होतो.

आणि त्याच पिर्के आवोतमध्ये, रब्बी हनीनांच्या एक अध्याय आधी, दुसरं वचन आहे: सत्ताधाऱ्यांपासून जपून राहा, ते स्वतःच्या गरजेपुरतेच माणसाला जवळ करतात, अडचणीच्या वेळी पाठीशी उभे राहत नाहीत. सरकारसाठी प्रार्थना करा, आणि सरकारपासून जपून राहा. रोमन सत्तेखाली जगलेल्या माणसांनी ही दोन्ही वाक्यं एका वहीत ठेवली आणि त्यांच्यात समेट घडवायची घाई केली नाही.

---

प्रश्न पडतो

सगळे भारावून लिहित आहेत, म्हणून मला जे बोचलं ते लिहितो. राग मानू नये.

आठव्या अध्यायातला शमुवेल तुम्हाला आवडला. पंधराव्या अध्यायातला तोच शमुवेल शौल राजाला सांगतो, अमालेकी लोकांचा समूळ नाश कर, बायका, मुलं, तान्ही बाळं, गुरंढोरं, काही ठेवू नको. शौल त्यांच्या राजाला, अगागला, जिवंत ठेवतो, म्हणून शमुवेल त्याचं राज्यपद गेलं असं जाहीर करतो आणि अगागला स्वतःच्या हाताने कापतो. राजसत्तेला आवर घालणारा माणूस कत्तल अपुरी राहिली म्हणून चिडतो. आवडलेलं पान दाखवून हे पान मिटता येईल का?

---

खाडीकाठ

नाही मिटता येत. राग कसला, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. पंधरावा अध्याय वाचला त्या रात्री मी पुस्तक खोलीबाहेर ठेवून झोपले, आणि हे शोभेसाठी लिहित नाहीये.

नंतर शोधलं, की ज्यांचं हे पुस्तक, त्यांनी स्वतः या पानाचं काय केलं. तालमूदच्या योमा या भागात शौलाच्या मनातला वाद मांडलाय. शौल म्हणतो, रानात एक अनोळखी माणूस मेलेला सापडला तरी नियमशास्त्र गावाला प्रायश्चित्त सांगतं, मग इतक्या जिवांचं काय? माणसांनी पाप केलं असेल, गुरांनी काय केलं? मोठ्यांनी केलं असेल, लहानांनी काय केलं? मूळ कथेतल्या शौलाच्या तोंडी हे प्रश्न नाहीत, ऋषींनी घातले. मग आकाशवाणी होते: फार नीतिमान होऊ नकोस. इथपर्यंत वाचलं तेव्हा मला निराश वाटलं. पण लगेच पुढचं वाक्य येतं. याच शौलाने पुढे नोब गावातले ८५ याजक मारवले, दावीदला आसरा दिला म्हणून, तेव्हाही आकाशवाणी झाली: फार दुष्ट होऊ नकोस.

यातून पान धुऊन निघत नाही. पण 'लहानांनी काय केलं?' हा प्रश्न धर्मग्रंथाच्या शेजारी, त्याच्याच भाषेत, त्याच्याच माणसांनी लिहून ठेवला. मिश्नामध्ये आणखी एक जागा आहे. अम्मोनी वंशाचा एक माणूस विचारतो, मला तुमच्यात यायचंय, चालेल का? शास्त्राप्रमाणे अम्मोन्यांना प्रवेश नाही. रब्बी यहोशवा म्हणतात, अश्शूरचा राजा सन्हेरीब येऊन गेला आणि त्याने सगळी राष्ट्रं एकमेकांत मिसळून टाकली, आता कोण अम्मोनी हे ठरवणार कसं? आणि त्याला आत घेतात. वचन जागेवर राहिलं, ते ज्याच्यावर लागू व्हायचं तो माणूस मात्र मोकळा झाला. हे पुरेसं आहे का, मला ठरवता आलेलं नाही.

---

अश्दोदहून

ताई, नमस्कार. मी बेने इस्रायल. जन्म अलिबागचा, १९५५चा. १९६३ साली आईवडिलांबरोबर इकडे इस्रायलला आलो. मराठी टाइप करायला नातीने शिकवलं आहे, चुका पोटात घाला.

तुम्ही बैर-शेबाचं नाव घेतलंत, शमुवेलची पोरं लाच खात होती ते. माझं लहानपण त्या बैर-शेबात गेलं. आता शहर आहे, तेव्हा वाळू होती.

धर्म आणि राजकारण यांचं मी पुस्तकातनं शिकलो नाही, घरात शिकलो. आमचे पूर्वज कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. नवगावला गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, अशी आमची सांगी. शेकडो वर्षं गावाने कधी विचारलं नाही तुम्ही खरे का खोटे. इकडे आलो आणि प्रमुख रब्बीमंडळाने फर्मान काढलं, बेने इस्रायलच्या माणसाचं इतर ज्यूंशी लग्न लावायचं तर आधी त्याच्या आईची, आजीची, जमेल तितकी मागची वंशावळ तपासा. म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवला तो फुकट.

१९६४च्या उन्हाळ्यात आमची माणसं यरुशलेमेत रस्त्यावर बसली. बायापोरं बसली. वडील बसने गेले, पिशवीत चपात्या आणि लोणच्याची बाटली. मी नऊ वर्षांचा, मला नेलं नाही. ऑगस्टमध्ये संसदेने ठराव केला, बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यूच आहेत, लग्नासकट. मग फर्मानातनं आमचं नाव काढलं.

वडील म्हणायचे, देवाने आम्हाला कधी दाखला विचारला नाही, दाखला मागतो तो माणूस. ते लोकांवर रागावले, पण शब्बाथचा दिवा एक शुक्रवार चुकला नाही.

आणखी एक. तुमच्या आजींनी मलिदा केलेला तुम्हाला आठवत असेल. पोहे, गूळ, खोबरं, फळं. तो एलियाहू हनाबीच्या नावाने. खंडाळे गावात त्याचा टप्पा आहे, खडकावर रथाच्या चाकाची खूण दाखवतात. माझी बहीण २०११ साली नवस फेडायला तिथे आली होती.

---

खाडीकाठ

काका, तुमचा प्रतिसाद मी तीन वेळा वाचला. मलिदा आठवतो. काशाच्या ताटात मधोमध ढीग आणि कडेने केळ्याचे काप. आजी आम्हा मुलांना ओंजळ पुढे करायला सांगायच्या. 'एलियाहू हनाबी' हे शब्दही मी ऐकलेले होते, पण इतकी वर्षं ते मला एखाद्या कोकणी देवाचं नाव वाटायचं. पवित्र शास्त्रातला एलीया तो हाच, हे तुम्ही लिहिल्यावर आज जोडलं गेलं. जरा थांबून पुन्हा लिहिते, मला काहीतरी बघायचंय.

---

कोर्टाच्या पायरीवर

हरलेलं मत टिकतं, हा मुद्दा पकडून लिहितो. मी नाशिकला वकिली करतो.

मिश्नाच्या 'एदुयोत' भागात नेमका हाच प्रश्न विचारलाय. निकाल बहुमताने लागतो, मग एकट्याचं मत लिहून का ठेवायचं? उत्तर: पुढच्या एखाद्या न्यायपीठाला ते पटलं तर त्याला आधार असावा म्हणून. लगेच पुढे रब्बी यहूदा वेगळं कारण देतात: उद्या कुणी म्हणाला मी असं ऐकलंय, तर त्याला सांगता यावं की तू ऐकलंस ते नाकारलेलं मत आहे. म्हणजे हरलेलं मत का ठेवायचं याबद्दलही दोन मतं, आणि दोन्ही ठेवलेली.

आमच्या धंद्यात याची किंमत कळते. २८ एप्रिल १९७६, आणीबाणी. सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायमूर्ती. चौघांनी सांगितलं की स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी विरोधी निकाल लिहिला. त्यांची सरन्यायाधीशपदाची पाळी पुढच्या वर्षी डावलली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढच्या खासगीपणाच्या खटल्यात तो जुना बहुमताचा निकाल मोडीत निघाला आणि खन्नांचं म्हणणं उचलून धरलं गेलं. ४१ वर्षं ते छापील पानावर वाट बघत होतं.

अजून दोन गोष्टी त्यांच्या न्यायसभेच्या, सन्हेद्रिनच्या. देहदंडाच्या खटल्यात मत सांगायची सुरुवात सगळ्यात धाकट्या न्यायाधीशापासून, नाहीतर थोरल्याचं ऐकून धाकटा गप्प बसेल. आणि सगळ्यांनी एकमताने दोषी ठरवलं तर आरोपी सुटतो. ही दुसरी गोष्ट मी ज्युनिअरना सांगतो तेव्हा ते आधी चकित होतात. ज्या खोलीत आरोपीच्या बाजूने बोलायला एकही माणूस उरला नाही, तिथे खटला नीट तपासलाच गेला नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

---

प्रश्न पडतो

वकीलसाहेब, मत जपलं गेलं हे मान्य. मत मांडणाऱ्या माणसाचं काय झालं तेही लिहा. भट्टीची गोष्ट.

---

कोर्टाच्या पायरीवर

लिहितो, ती टाळायची नव्हती. एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेवरून वाद. रब्बी एलिएझर एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या. एलिएझर म्हणतात, मी बरोबर असेन तर हे झाड साक्ष देईल. झाड शंभर हात सरकतं. बाकीचे म्हणतात, झाडाचा पुरावा चालत नाही. ओढा उलटा वाहतो. चालत नाही. भिंती कलायला लागतात. रब्बी यहोशवा भिंतींना दटावतात, विद्वान वाद घालत असताना तुमचं काय काम? शेवटी आकाशवाणी होते की एलिएझरच बरोबर आहेत. यहोशवा उभे राहून म्हणतात, शास्त्र आता स्वर्गात नाही. ते आम्हाला दिलंय, आणि बहुमताने चालायचं हे त्यातच लिहिलंय. देव हसला म्हणतात, माझ्या मुलांनी मला हरवलं म्हणाला.

इथेच गोष्ट सोडली तर फार सुंदर. पण त्यानंतर एलिएझरना बहिष्कृत करतात. रब्बी अकिवा काळे कपडे घालून ही बातमी सांगायला जातात, एलिएझर जमिनीवर बसून रडतात, आणि त्या दिवशी जगातली जैतून, गहू आणि जव, प्रत्येकी तिसरा हिस्सा करपून जातो. पुढे बहिष्काराला मान्यता देणारे रब्बान गमलिएल, जे एलिएझरच्या बायकोचे भाऊ, त्या दुःखी माणसाच्या प्रार्थनेने मरतात.

ही कथा तालमूदच्या ज्या प्रकरणात येते तिथे चर्चा बोलून माणसाला दुखावण्याची चाललेली आहे. चारचौघांत कुणाला लाजवणं म्हणजे रक्त सांडण्यासारखं, हे त्याच प्रकरणात आहे. म्हणजे ग्रंथ दोन्ही सांगतो. बहुमत बरोबर वागलं, आणि बहुमताने एका माणसाला चिरडलं. मी दर दोन-तीन वर्षांनी ही कथा वाचतो आणि दरवेळी वेगळ्या माणसाच्या बाजूने असतो.

---

जुनी वही

अवांतर थोडंसं. मूळ हिब्रूतून मराठीत थेट आणलेलं वाचायचं असेल तर पंडिता रमाबाईंचं भाषांतर मिळवा. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल एकटीने मराठीत केलं. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते बायकांनी जुळवलं आणि छापलं. ५ एप्रिल १९२२ला बाई गेल्या, त्याआधी काम पुरं झालं होतं.

---

मुंबईकर ७७

सगळं जुनं जुनं चाललंय. आजच्या इस्रायलबद्दल, गाझाबद्दल कुणी काहीच बोलणार नाही का? मला हे वाचताना सतत तेच डोळ्यापुढे येतं.

---

अश्दोदहून

येणारच. मलाही येतं. रात्री भोंगा वाजला की नातीला घेऊन जिन्याखाली बसतो, आणि पलीकडच्या पोरांना जिनाही नाही हे मला माहीत आहे. आमच्याकडे दोन्ही बाजूंचे लोक याच पुस्तकातली वाक्यं काढून एकमेकांना मारतात. मी राजकारणात कुणी मोठा नाही. पण अमालेक हा शब्द जिवंत माणसाला लावलेला ऐकला की मला ताईंनी लिहिलेला शौलाचा प्रश्न पुढे आठवेल, लहानांनी काय केलं. तो मला कुणी शाळेत शिकवला नव्हता.

---

खाडीकाठ

मुंबईकर, तुमचा प्रश्न टाळत नव्हते. पवित्र शास्त्रातलं आमोस संदेष्ट्याचं पुस्तक वाचा, नऊच अध्याय आहेत. मेंढरं राखणारा, उंबराच्या जातीच्या झाडांची फळं टोचून पिकवणारा हा तकोवाचा माणूस उत्तरेच्या राज्यात जाऊन उभा राहतो. सुरुवात करतो शेजाऱ्यांच्या गुन्ह्यांपासून. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. गज्जा म्हणजे गाझाच. ऐकणाऱ्यांच्या माना डोलत असतील, शेजारी वाईटच. मग तो यहूदावर, म्हणजे स्वतःच्या दक्षिणेच्या राज्यावर, येतो, आणि मग थेट समोर बसलेल्यांवर: तुम्ही नीतिमानाला रुप्यासाठी विकलंत, गरिबाला जोड्याच्या एका जोडासाठी विकलंत. बेथेलचा याजक अमस्या त्याला हाकलतो. इथे बोलू नको, हे राजाचं देवस्थान आहे.

'राजाचं देवस्थान'. देवाच्या घराचं हे नाव तिथल्या याजकाच्याच तोंडून निघालं.

आमोसने दुसऱ्याचे गुन्हे मोजले, पण थांबला स्वतःच्या माणसांपाशी. या पुस्तकाकडून मी जर काही घेतलं असेल तर ते हे, आणि म्हणून दुसऱ्या देशाबद्दल इथे बसून निकाल देण्यापेक्षा मला माझ्या गावातल्या, माझ्या देशातल्या 'राजाच्या देवस्थानां'कडे आधी बघावंसं वाटतं. गाझातल्या मुलांसाठी जीव तुटतो, तो तुटायलाच हवा, त्यासाठी कुठल्या ग्रंथाची परवानगी लागत नाही.

आता काकांसाठी. मी बघायला गेले होते ती दुसरी पेन्सिलीची रेघ. ती राजांच्या पहिल्या पुस्तकात आहे, २१व्या अध्यायाला. पूर्वी मी ती वाचून पुढे गेले होते. नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून. राजाला तिथे भाजीचा मळा करायचाय. म्हणतो, याहून चांगला मळा देतो, नाहीतर पैसे देतो. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन मी तुला देणार नाही. राजा घरी जाऊन तोंड फिरवून पडतो, जेवत नाही. मग राणी ईजबेल खोटे साक्षीदार उभे करते, देवाची आणि राजाची निंदा केली म्हणून नाबोथला दगडांनी मारतात आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला जातो. मळ्यात त्याला एलीया भेटतो. खून केलास आणि वर ताबाही घेतलास?

तोच एलीया, ज्याच्या नावाचा मलिदा मी ओंजळीत घेतला होता.

रेघ एलीयाच्या बोलण्याला नाहीये. ती नाबोथच्या एका वाक्याला आहे, वतनाच्या. आजींची खाडीच्या बाजूला नारळाची वाडी होती, २२ झाडं. जायच्या आधी त्यांनी ती विकली. कुणी जबरदस्ती केली नव्हती, विकत घेणारे आमचेच वडील होते आणि त्यांनी रास्त भाव दिला, हे मला आईने सांगितलेलं आहे. तरी रेघ तिथे आहे, इतकी दाबून ओढलेली की मागच्या पानावर उमटली आहे.

---

अश्दोदहून

ताई, त्या वाडीत अजून किती झाडं आहेत?

---

खाडीकाठ

निसर्ग वादळात, २०२० साली, नऊ पडली. तेरा उभी आहेत, काका. विहिरीजवळचं जे वाकडं आहे ते आजींच्या सासऱ्यांनी लावलेलं, असं त्या सांगायच्या. तुमची बहीण परत खंडाळ्याला आली तर रेवदंड्याला यायला सांगा. मलिद्यासाठी खोबरं इथलं नेता येईल.